पोलिसांवर हल्ले का होतात? जामनेर, उमर्टी आणि धुळ्याच्या घटना काय सांगतात आणि पोलिसांची सुरक्षा कशाने वाढते

अनंत चतुर्दशीला जळगाव शहरातल्या सार्वजनिक मंडळांचे गणपती मेहरूण तलावावर विसर्जनासाठी येतात. ढोल-ताशे, ट्रॅक्टर, गुलाल आणि हजारो माणसं. या गर्दीत पोलीस अंमलदार आणि होमगार्ड सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत उभे असतात. त्यांच्याकडे बहुधा एक काठी आणि एक शिट्टी असते.

याच जिल्ह्यात, मेहरूणपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, २० जून २०२४ च्या रात्री जामनेर पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला. विसर्जनाच्या गर्दीपेक्षा तो कितीतरी लहान होता. तरीही त्या रात्री ठाण्यावर दगडफेक झाली आणि पोलीस निरीक्षकांसह अनेक पोलीस जखमी झाले.

मोठ्या गर्दीत पोलीस सुरक्षित राहतात आणि छोट्या जमावासमोर रक्तबंबाळ होतात, असं का होतं? पोलिसांवरच्या हल्ल्यांची चर्चा बहुतेक वेळा 'शिक्षा कडक करा' इथेच संपते. या लेखात हल्ले कुठे होतात, कायदा काय सांगतो आणि पोलिसांचा जीव खरोखर कशाने वाचतो, हे पाहू.

जामनेरमध्ये काय घडलं होतं?

जामनेर तालुक्यातल्या चिंचखेडा शिवारात जून २०२४ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. संपूर्ण तालुका हादरला. संशयित काही दिवस फरार होता. पोलिसांनी त्याला भुसावळमधून ताब्यात घेतलं आणि ही बातमी पसरताच जामनेरमध्ये लोक जमू लागले. 'आरोपीला आमच्या ताब्यात द्या' अशी मागणी झाली. पोलिसांनी ती नाकारली. त्यानंतर रस्त्यावर टायर पेटले, ठाण्यावर दगड आले आणि तोडफोड झाली.

लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण त्या मागणीचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. आरोपी जमावाच्या हाती गेला असता तर खटलाच उभा राहिला नसता. गुन्हा त्यानेच केला की आणखी कोणी सामील होतं, हे न्यायालयात तपासलं गेलं नसतं. मुलीच्या आईवडिलांना निकाल मिळाला नसता, उलट जमावातल्या अनेकांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला असता. शिवाय खटल्याची कागदपत्रं आणि जप्त केलेला मुद्देमाल पोलिसांच्याच ताब्यात असतो. ठाण्याला आग लागली तर फिर्यादीची बाजूच कमकुवत होते.

म्हणजे त्या रात्री दगड खाणारे पोलीस फक्त आरोपीचा जीव वाचवत नव्हते, त्या मुलीचा खटलाही वाचवत होते.

हल्ले कोणत्या प्रसंगांत होतात?

महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहिल्या तर साधारण चार प्रकारचे प्रसंग दिसतात.

१. रस्त्यावरची साधी कारवाई

२३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत खार इथे वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवलं. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतलं आणि शिंदे यांच्या डोक्यात प्रहार झाला. आठ दिवसांनी, ३१ ऑगस्टला, रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

ना दंगल होती, ना टोळी. रोज शेकडो वेळा होणारी कारवाई होती. धोका नेमका याच ठिकाणी असतो, कारण इथे पोलीस एकटा असतो आणि समोरचा माणूस कसा वागेल याचा अंदाज नसतो.

२. छापा आणि अटक

चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्यात, उमर्टी नावाचं गाव आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात येतो. मध्य प्रदेशातलं उमर्टी गावठी पिस्तुलं बनवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपडा ग्रामीण पोलिसांचं पथक शस्त्रतस्करीच्या प्रकरणात तिथे कारवाईला गेलं. जमावाने पथकावर हल्ला केला आणि एका पोलीस कर्मचाऱ्याला उचलून सीमेपलीकडे नेलं. मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीने काही तासांनी त्याची सुटका झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनीही उमर्टीत कारवाई केली. त्या वेळी मोठा फौजफाटा नेण्यात आला, ड्रोनने नजर ठेवण्यात आली आणि शस्त्रं बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त करण्यात आल्या. गाव तेच आणि धंदाही तोच होता. किती माणसं गेली आणि काय तयारीने गेली, एवढाच फरक होता.

३. माफियाच्या वाटेत येणं

खानदेशात वाळूचा अवैध उपसा ही जुनी दुखरी नस आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जळगावजवळ नशिराबाद परिसरात वाळूची वाहतूक रोखायला गेलेल्या महसूल पथकावर हल्ला झाला आणि एक उपजिल्हाधिकारी जखमी झाले. त्याआधी २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं होतं. त्यांच्यासोबत तेव्हा स्वीय सहायक आणि चालक होते, पोलीस बंदोबस्त नव्हता.

हे अधिकारी पोलीस नव्हते, महसूल खात्याचे होते. पण हल्ल्याची पद्धत पोलिसांच्या बाबतीतही तीच असते. पथक लहान असतं, जागा निर्जन असते, समोरच्याचं मोठं आर्थिक नुकसान होणार असतं आणि जादा कुमक दूर असते.

४. अफवा आणि दंगल

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे 'मुलं पळवणारी टोळी' आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते आणि सोलापूर जिल्ह्यातून आले होते. मोबाइलवरून फिरणाऱ्या मेसेजेसनी त्या काळात देशभर अशा हत्या घडवल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयानेही १७ जुलै २०१८ च्या निकालात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.

अशा वेळी दूरच्या ठाण्यातून निघालेले दोन-चार पोलीस शेकडोंच्या जमावासमोर पोहोचतात. त्यांना कोणाचा तरी जीव वाचवायचा असतो आणि त्यांचा स्वतःचा जीवही धोक्यात असतो.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जामनेरची घटना त्याच्या अकराच दिवस आधीची. 'तीनशे त्रेपन्न लावलं' हा शब्दप्रयोग गावोगावी रुळला असला तरी ते जुन्या कायद्यातलं कलम आहे. आताची मुख्य कलमं अशी आहेत:

• कलम २२१: सरकारी कामात अडथळा आणणं. ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• कलम १३२: लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर (जुनं ३५३). २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.
• कलम १२१: याच हेतूने दुखापत करणं. साध्या दुखापतीला ५ वर्षांपर्यंत, तर गंभीर दुखापतीला किमान १ वर्ष आणि कमाल १० वर्षं कैद.
• कलम १९५: दंगल आवरणाऱ्या लोकसेवकावर हल्ला. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.
• कलम १८९ आणि १९०: पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव. जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी त्यातल्या प्रत्येकावर येऊ शकते.

शेवटची दोन कलमं तरुणांनी नीट समजून घ्यावीत अशी आहेत. 'मी दगड मारला नाही, नुसता घोषणा देत होतो' हा बचाव दरवेळी चालत नाही. गुन्हा दाखल झाला की नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीत तो दिसतो, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनाही त्याचा फटका बसतो.

कडक शिक्षेने हल्ले थांबतात का?

विलास शिंदे यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने जुन्या संहितेतल्या ३३२ आणि ३५३ या दोन्ही कलमांची शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढवली होती. त्यावर दोन बाजूंनी चर्चा झाली. धाक हवा, असं सरकारी कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं. तर जाब विचारणाऱ्या सामान्य माणसावर किंवा आंदोलकावरही हे कलम सहज लावलं जातं, असा आक्षेप लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांनी घेतला.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण पोलिसाच्या सुरक्षेपुरतं पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. दगड उचलणारा माणूस त्या क्षणी कलमाचा विचार करत नाही. वाळूच्या डंपरचा चालक पथकावर गाडी घालतो, तेव्हा शिक्षा दोन वर्षांची की पाच वर्षांची हे त्याच्या डोक्यात नसतं. 'पकडला जाईन आणि खटला लवकर उभा राहील' याची खात्री असेल तर धाक बसतो. शिक्षा हल्ल्यानंतर येते, पोलिसाचा जीव मात्र हल्ल्याच्या आधी केलेल्या तयारीवर अवलंबून असतो.

मेहरूणच्या बंदोबस्तात आधी काय केलेलं असतं?

विसर्जनाचा बंदोबस्त म्हणजे त्या दिवशी उभे केलेले पोलीस एवढंच नसतं. कुठल्याही मोठ्या विसर्जनाची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होते. शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष पोलीस निरीक्षकांना नावाने ओळखतात आणि त्यांचे नंबर पोलिसांकडे असतात. मिरवणुकीचा मार्ग पायी फिरून पाहिला जातो. कोणता चौक अरुंद आहे, कुठे अंधार आहे, रुग्णवाहिका कुठून निघेल हे ठरतं. दंगा नियंत्रण पथक कुठे थांबेल आणि कोणाच्या आदेशाने हलेल हे लिहिलेलं असतं. तलावाच्या काठावर जीवरक्षक असतात.

थोडक्यात, पोलिसांना माहिती असते, संख्या असते, मागे कुमक असते आणि समोरच्या गर्दीत ओळखीचे चेहरे असतात. जामनेरची ती रात्र किंवा उमर्टीची घटना पाहिली, तर यातलं काही ना काही कमी पडलेलं दिसतं. अचानक घडणाऱ्या घटनेसाठी आठवडाभर तयारी करता येत नाही हे खरं, पण तिचे काही भाग आधीच तयार ठेवता येतात.

पोलिसांची सुरक्षा वाढवणाऱ्या सहा गोष्टी

१. निघण्याआधीची माहिती. अटकेला किंवा छाप्याला जाताना त्या माणसावर आधीचे गुन्हे कोणते, घरात शस्त्र असण्याची शक्यता आहे का, गावात कोण कोणाचं आहे, परतीचा रस्ता एकच आहे का, हे पथकातल्या शेवटच्या शिपायालाही माहीत हवं. ही माहिती बीट अंमलदार, गोपनीय शाखा आणि गावचे पोलीस पाटील यांच्याकडे असते. सीमेवरच्या गावात शेजारच्या राज्याच्या ठाण्यालाही वेळेत कळवावं लागतं.

२. संख्या आणि कुमक. एकट्याने कारवाई करायची नाही, हा साधा नियम पाळला तरी अनेक हल्ले टळतात. वायरलेस किंवा मोबाइलची रेंज नसलेल्या डोंगराळ भागात संपर्काची पर्यायी सोय लागते. मोठ्या गुन्ह्यातला आरोपी पकडल्यावर त्याला संतप्त तालुक्याच्या ठाण्यात ठेवायचं की दूर न्यायचं, ही बातमी कधी आणि कशी जाहीर करायची, हाही सुरक्षेचाच निर्णय असतो.

३. साधनं. हेल्मेट, ढाल, अंगरक्षक पॅड आणि शस्त्राचा धोका असेल तिथे बुलेटप्रूफ जॅकेट. २६/११ च्या हल्ल्यानंतर जॅकेटच्या दर्जाचा प्रश्न राज्यभर गाजला होता. साधनं गोदामात असून उपयोग नाही. ती गाडीत हवीत, मापाची हवीत आणि घालायची सवय हवी. ढाल-हेल्मेट असलेला पोलीस दगडफेकीत टिकून राहतो. साधन नसलेल्याकडे पळणं किंवा गोळी चालवणं एवढेच पर्याय उरतात.

४. बोलून प्रसंग निवळवण्याचं प्रशिक्षण. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात पोलिसांना तणाव कमी करण्याचं प्रशिक्षण देऊन सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी परिणाम मोजले. बळाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या जखमा ३६ टक्क्यांनी घटल्या. अंतर राखणं, आडोसा घेणं, घाई न करणं आणि आवाज न चढवणं ही कौशल्यं शिकवता येतात. 'नरमाई दाखवली तर पोलीसच मार खाईल' ही समजूत या आकड्यांत टिकत नाही.

५. बॉडी कॅमेरा, पण नियमांसह. कॅमेऱ्याने हल्ले आपोआप कमी होतात असं मानलं जातं, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक पोलीस दलांतल्या प्रयोगांच्या अभ्यासात कॅमेरा लावलेल्या पोलिसांवरचे हल्ले १५ टक्क्यांनी जास्त दिसले. वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या अभ्यासात ठळक फरकच आढळला नाही. मात्र कॅमेरा कधी सुरू करायचा हे मर्जीवर न सोडता नियमाने ठरवलं, तर पोलिसांचा बळाचा वापर घटला. कॅमेऱ्याचा खात्रीचा फायदा म्हणजे पुरावा. नंतर कोण खरं बोलतंय, हे त्यातून कळतं.

६. विश्रांती. सलग बारा-चौदा तास उभा असलेला माणूस लवकर चिडतो आणि धोका उशिरा ओळखतो. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात एका शिपायाच्या कल्पनेवरून आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो शहरभर नेला. रिक्त पदं भरल्याशिवाय हे प्रत्येक जिल्ह्यात जमणार नाही. म्हणून भरती हाही पोलीस सुरक्षेचाच विषय आहे.

पोलिसांच्या चुकांचं काय?

६ जानेवारी २०१३ च्या धुळ्याच्या दंगलीशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं भांडण दोन समाजांच्या दंगलीपर्यंत गेलं. शंभरहून अधिक पोलीस जखमी झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला. गोळीबार गरजेपेक्षा जास्त होता का, हा प्रश्न विचारला गेला. व्हिडिओ समोर आल्यावर मोडतोड आणि लुटीच्या आरोपावरून काही पोलिसांवरही कारवाई झाली.

अशा घटनेची आठवण एका पिढीत जात नाही. पुढच्या वेळी तोच गणवेश त्या वस्तीत शिरतो तेव्हा लोक संशयाने पाहतात, आणि २०१३ मध्ये नोकरीतही नसलेल्या शिपायाला त्याची किंमत मोजावी लागते. चुकीच्या वागणुकीची चौकशी होणं हे प्रामाणिक पोलिसांच्याच हिताचं असतं. तक्रारीसाठी पोलीस अधीक्षक, न्यायालय आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हे मार्ग उपलब्ध आहेत.

विश्वासाने काय घडतं याचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हवालदार आणि दोन्ही समाजांतली साधी माणसं नियमित भेटू लागली, छोट्या तक्रारी तिथेच मिटू लागल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

तुम्ही काय करू शकता?

• 'अमुक ठाण्यासमोर जमा' किंवा 'आरोपीला सोडलं' असा मेसेज आला तर खात्री करेपर्यंत पुढे पाठवू नका. जिल्हा पोलिसांच्या अधिकृत खात्यावर खुलासा पाहा.
• कोणाला मारहाण होत असेल तर व्हिडिओ काढण्याआधी ११२ वर फोन करा. ठिकाण, अंदाजे किती लोक आहेत आणि हातात काय आहे ते सांगा. येणाऱ्या पथकाला किती तयारीने यायचं हे त्यावरूनच कळतं.
• पोलीस चुकत आहेत असं वाटलं तर नाव, बक्कल नंबर, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. सुरक्षित अंतरावरून चित्रीकरण करा, कामात अडथळा आणू नका, नंतर लेखी तक्रार द्या.
• गर्दीत दगड दिसू लागले की तिथून बाहेर पडा आणि सोबतच्यांनाही बाहेर काढा.
• मुलाला परवाना नसताना गाडी देऊ नका. विलास शिंदे यांचा जीव गेलेला प्रसंग तिथूनच सुरू झाला होता.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले होते. प्रत्येक जिल्हा मुख्यालयात वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. ती यादी लहान ठेवायची असेल, तर पथक निघण्याआधी त्याला पुरेशी माहिती, पुरेशी माणसं आणि पुरेशी झोप मिळाली होती का, हे दर वेळी तपासावं लागेल.